कलमतराशाचे वय

जुन्या कागदाचे वय ठरविण्याची विद्या आपल्याकडे चांगली रुजली आहे. एखादे पत्र दफ्तराच्या रुमालातून बाहेर निघाले, म्हणजे त्यावरील चंद्र आणि सन यांचा मेळ बसतो की नाही, मायना घेणाराच्या दर्जास साजेसा आहे की नाही, मोर्तब असावयाचे तेथे आहे की नाही, कागद जुन्नरी आहे की विलायती, मोडीचे वळण खरोखरीचे चिटणिशी आहे की मागाहून कोणी गिरविलेले आहे, अशी एकेक गोष्ट पारखून मगच अभ्यासक त्यास अस्सल म्हणतो. पण ज्या बोरूने ते पत्र लिहिले, त्या बोरूस टोक देणाऱ्या चाकूचे वय कोणी पुसत नाही. दफ्तरी भाषेत त्याला कलमतराश म्हणत. कलम तासणारा तो कलमतराश. इंग्रजांचा पेननाइफ याच कुळातला, फरक इतकाच की तिकडे बोरूच्या ठिकाणी हंसाचे पीस तासावे लागे. पुढे पोलादी टाक आला, पिसे आणि बोरू दोन्ही मागे पडले, आणि हा चाकू चौरंगावरून उठून खिशात जाऊन बसला. नाव मात्र त्याने जुनेच ठेवले.

असा एक खिशातला चाकू काही वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात माझ्या हाती आला. दोन पाती, तळहाताएवढीही लांबी नाही, मुठीच्या बाजू पिवळसर पांढऱ्या. विकणारा वयस्क होता आणि आपल्या मालाविषयी त्याला तिळमात्र शंका नव्हती. “काका, पेशवाईतला आहे,” तो म्हणाला, “मूठ हस्तिदंताची, आणि नाव बघा, रॉजर्सचं.” नाव खरेच रॉजर्सचे, म्हणजे शेफील्डच्या नामांकित चाकूकार घराण्याचे, होते. बाकीच्या दोन विधानांचा निकाल लावण्यात माझे कित्येक रविवार गेले, आणि त्या रविवारांत जे थोडेबहुत कळले तेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम चाकूची रचना. खटक्याचा चाकू ही निराळी जात. रामपूरचा जो चाकू हिंदी चित्रपटांनी घरोघर पोहोचविला, त्याचाही येथे संबंध नाही. आपला चाकू साध्या कमानीचा आहे. मुठीच्या पाठीशी पोलादाची एक ताठ कमान असते, तिच्या दाबावर पाते उघडे राहते आणि त्याच दाबावर मिटते. कमानीच्या दोन्ही बाजूंस पितळेचे अथवा लोखंडाचे पातळ पत्रे, त्यांवर मुठीच्या दोन फळ्या, टोकांना धातूच्या टोप्या, आणि या साऱ्यांना आरपार धरून ठेवणारे खिळे. पात्याला नखाने उचलण्यासाठी एक खाच ठेवलेली असते. पाते जेथे मुठीत शिरते तेथे त्याचे धार न लावलेले चौकोनी बूड असते, आणि कारखानदाराची मुद्रा उमटते ती या बुडावर. खाच ज्या बाजूस, मुद्राही बहुधा त्याच बाजूस. शेफील्डचे कारागीर तिला मुद्रेची बाजू म्हणत. हौशी माणूस तेवढीच बाजू पाहून चाकू मिटवितो. पाहावयाच्या असतात दोन्ही बाजू, आणि सर्व पात्यांच्या. कारण एका पात्याची मुद्रा दुसऱ्याशी जुळत नसेल, तर पाते मागाहून बदललेले आहे असे समजावे.

शेफील्ड हे इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील शहर. टेकड्यांतून उतरणाऱ्या पाच नद्या तेथे एकत्र येतात, आणि त्यांच्या पाण्यावर सहाणेची चाके फिरत असत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या कवीने आपल्या एका कथेतील पिठाच्या गिरणीवाल्याच्या विजारीत शेफील्डचा चाकू खोचलेला दाखविला आहे, यावरून हा धंदा तेव्हाही लौकिकास चढलेला होता हे उघड आहे. १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने तेथील चाकू, सुऱ्या, कात्र्या आणि विळे घडविणाऱ्यांचा एक संघ स्थापन झाला, त्याचे नाव कटलर्स कंपनी. प्रत्येक कारागिरास स्वतःची एक मुद्रा मंजूर करून घ्यावी लागे आणि ती दुसऱ्यास वापरता येत नसे. आपल्याकडे एखाद्या सरदारास वतनाबरोबर शिक्का मिळे त्यातलाच हा प्रकार, आणि शिक्क्याप्रमाणेच ही मुद्राही वारसाने उतरे, विकली जाई, क्वचित भाड्यानेही दिली जाई. जोसेफ रॉजर्सच्या घराण्याची मुद्रा म्हणजे एक तारा आणि एक माल्टी क्रूस. ती १७६४ सालची. जॉर्ज वोस्टनहोम या दुसऱ्या मातबर घराण्याची मुद्रा ‘आय एक्स एल’ ही तीन अक्षरे. ती सलग उच्चारली म्हणजे इंग्रजीत ‘मी सरस आहे’ असा अर्थ निघतो, आणि अमेरिकेच्या बाजारात या श्लेषाने फार मोठी कामगिरी केली. पण हा श्लेष वोस्टनहोमच्या डोक्यातला नव्हे. ती मुद्रा १७८७ साली भलत्याच एका कारागिरास मिळालेली होती आणि पुढे वोस्टनहोमकडे आली.

मुद्रेचे हे स्थलांतर नीट ध्यानात धरावे. ताऱ्याचे आणि क्रुसाचे चिन्ह १७६४ चे, म्हणून ते ज्या चाकूवर आहे तो चाकू १७६४ चा, असा तर्क करणारे विक्रेते आणि ग्राहक मी पाहिले आहेत. रॉजर्स आणि वोस्टनहोम ही दोन घराणी १९७१ साली एकत्र आली, त्यानंतर त्यांची मालकी अनेकदा बदलली, आणि तरीही तारा व क्रूस घेऊन नवे चाकू शेफील्डमध्ये निघतच राहिले. तात्पर्य, मुद्रा फक्त एवढेच सांगते की ही वस्तू अमुक सालाच्या आधीची नव्हे. ती किती नंतरची याबद्दल मुद्रा मौन पाळते. चाकूवरील बहुतेक खुणा ‘याच्या आधीचा नव्हे’ एवढीच साक्ष देतात, आणि अशा अनेक साक्षींतून जी सर्वांत अलीकडची असेल तीच खरी धरावी लागते. दहा साक्षीदार जुन्या काळाचे गोडवे गात असोत, अकराव्याने नव्या काळाचे एक अक्षर उच्चारले की दहांची साक्ष निकालात निघाली.

आता माझ्या चाकूच्या मोठ्या पात्याकडे वळतो. बुडावर राजमुकुट, त्याच्या एका अंगास ‘जी’ आणि दुसऱ्या अंगास ‘आर’. खाली ‘जोसेफ रॉजर्स अँड सन्स, कटलर्स टू हिज मॅजेस्टी’. रॉजर्स घराण्यास १८२२ साली चौथ्या जॉर्ज राजाचे चाकूकार म्हणून सनद मिळाली, आणि तेव्हापासून राज्यावर जो असेल त्याच्या नावाची अक्षरे मुकुटाच्या दोन्ही बाजूंस उमटविण्याचा त्यांचा परिपाठ पडला. ‘आर’ हे अक्षर राजा अथवा राणी या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे, पहिले अक्षर नावाचे. चौथ्या जॉर्जचा ‘जी आर’ १८३० पर्यंत, मग विल्यमचा ‘डब्ल्यू आर’ १८३७ पर्यंत, मग व्हिक्टोरियाचा ‘व्ही आर’ तब्बल १९०१ पर्यंत, पुढे एडवर्डचा ‘ई आर’ १९१० पर्यंत, आणि त्यानंतर पुन्हा जॉर्ज. नेमकी येथेच गोम आहे. ‘जी आर’ म्हणजे १८२२ ते १८३० असे वाचले, तर माझा चाकू पेशवाई बुडाल्यानंतर अवघ्या काही वर्षांतला ठरतो आणि विकणाऱ्या काकांचे विधान फार तर दहा-बारा वर्षांनी चुकते. ‘जी आर’ म्हणजे पाचवा जॉर्ज असे वाचले, तर तो १९१० नंतरचा. मुकुट दोघांचा सारखाच, अक्षरेही सारखीच, आणि ‘हिज मॅजेस्टी’ हे शब्द दोघांस सारखेच लागू. मधले ऐंशी वर्षांचे अंतर पात्याच्या बुडावर कोठेही लिहिलेले नाही.

हा वाद एका लहानशा शब्दाने तोडला. बुडाच्या अगदी खालच्या कडेला, भिंग लावल्याशिवाय दिसणार नाहीत इतक्या बारीक अक्षरांत, ‘शेफील्ड’ या नावापुढे ‘इंग्लंड’ असे उमटलेले होते. चौथ्या जॉर्जच्या काळात शेफील्डच्या कारागिराला आपला गाव कोणत्या देशात आहे हे सांगण्याचे कारणच नव्हते. ते कारण जर्मनीने निर्माण केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन कारखाने शेफील्डसारखा माल स्वस्तात काढू लागले, आणि त्यांतील काही माल इंग्रजी वाटेल अशी नावे धारण करून बाजारात येऊ लागला; या कुरापतीवर उपाय म्हणून ब्रिटनने १८८७ साली व्यापारी चिन्हांविषयी एक कायदा केला. पाठोपाठ अमेरिकेने १८९० चा मॅकिन्ली जकात कायदा केला, आणि १८९१ पासून अमेरिकेत उतरणाऱ्या मालावर ज्या देशातून माल आला त्याचे नाव घालणे सक्तीचे झाले. शेफील्डचा अर्धा जीव अमेरिकेच्या बाजारात गुंतलेला असल्याने हा शब्द पात्यांवर सर्रास दिसू लागला. तेव्हा ‘इंग्लंड’ दिसताच चौथा जॉर्ज बाद झाला, पाचवा राहिला. याचा व्यत्यास मात्र खरा नाही, आणि येथेच पुष्कळांचा पाय घसरतो. देशाचे नाव नाही म्हणून चाकू १८९१ पूर्वीचा असे म्हणता येत नाही. जो माल इंग्लंडातच खपावयाचा, त्यावर पुढेही कित्येक वर्षे नुसते ‘शेफील्ड’च असे. खूण असणे हा पुरावा आहे, नसणे हा पुरावा नव्हे.

खुद्द रॉजर्सच्या नावाबद्दलही सावध असले पाहिजे. या घराण्याची कीर्ती अशी काही होती की १८२२ साली त्यांनी १८२२ पात्यांचा एक चाकू प्रदर्शनार्थ घडविला, आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात पाऊणशे पात्यांचा ‘नॉरफोक’ चाकू मांडला. अशा घराण्याचे नाव चोरले जाणार नाही तर कोणाचे? १८४० च्या दशकातच त्यांना, आपले नाव आणि राजमुकुट घालून दुसऱ्यांनी पेननाइफ विकल्याबद्दल कोर्टाची पायरी चढावी लागली होती. पुढे तर स्पेलिंगमधील एखादे अक्षर गाळून अथवा आद्याक्षर बदलून रॉजर्सचे भाऊबंद गल्लोगल्ली निपजले. म्हणून नावाचे अक्षरन् अक्षर वाचावे.

पोलादाची साक्ष यानंतर. ‘कास्ट स्टील’ असे शब्द जुन्या पात्यावर असले तर ते मुशीत वितळविलेल्या पोलादाचे नाव आहे. बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या सुमारास शेफील्डजवळ ती रीत बसविली, आणि ते शब्द पुढे दीड शतकाहून अधिक काळ पात्यांवर मिरवत राहिले, त्यामुळे तारखेच्या कामी त्यांचा उपयोग बेताचाच. याउलट ‘स्टेनलेस’ हा शब्द फार कामाचा. हॅरी ब्रियरली हा शेफील्डचाच माणूस. बंदुकीच्या नळ्या आतून झिजतात त्यावर उपाय शोधीत असता १९१३ च्या ऑगस्टात त्याने शेकडा तेराच्या आसपास क्रोमियम मिसळलेले पोलाद ओतले, आणि ते गंजत नाही असे त्याच्या ध्यानात आले. नळ्यांचे काय झाले ते राहो, सुऱ्यांचे नशीब मात्र उघडले. लगेच महायुद्ध पेटले आणि हे पोलाद विमानांच्या इंजिनांकडे वळविले गेले, त्यामुळे खिशातल्या चाकूत ते सर्रास दिसते ते १९२० नंतरच. जर्मन चाकूवर ‘रॉस्टफ्राय’ आणि फ्रेंच अथवा स्विस चाकूवर ‘इनॉक्स’ हे शब्द याच अर्थाचे. माझ्या चाकूचे पाते साध्या पोलादाचे, निळसर करड्या डागांनी माखलेले आहे. पण साधे पोलाद स्टेनलेस आल्यावरही सुटले नाही, सुटलेले नाही. लिंबू चिरून ठेवले की काळे पडणारे पाते अधिक चांगली धार धरते, असे म्हणणारी माणसे आपल्याकडच्या विळीबद्दलही तेच म्हणतात.

मूठ हा या विद्येतला सर्वांत रम्य भाग, आणि सर्वांत फसवाही. शेफील्डच्या मुठी हस्तिदंताच्या, शिंपल्याच्या, कासवाच्या पाठीच्या, आबनुसाच्या, शिंगाच्या, साध्या हाडाच्या. चाकूवर खडबडीत, खाचाखाचांची, तपकिरी आणि पांढऱ्या रंगांची मूठ दिसली, की ती विलायती हरणाच्या शिंगाची असावी असे वाटते. वास्तविक ती पुष्कळदा आपल्या सांबराच्या शिंगाची असते. सांबराचे शिंग आतून भरीव, त्यात पोकळ गाभा थोडा, म्हणून मुठीसाठी त्याला तोड नाही. सांबर दरवर्षी शिंगे गाळतो. हिंदुस्थानच्या जंगलांतून गोळा केलेली ही शिंगे जहाजांतून शेफील्डला आणि जर्मनीतील झोलिंगेनला जात, आणि चाकू होऊन काही अंशी पुन्हा मुंबईच्या दुकानात येत. वन्यजीवांचे कायदे झाल्यावर हा व्यापार आटोपला आणि पुढे गळालेल्या शिंगांची निर्यातही बंद पडली. म्हणून अलीकडच्या चाकूवरचे ‘शिंग’ बहुधा कोरलेले हाड असते, नाही तर प्लास्टिक.

माझ्या चाकूची मूठ हस्तिदंताची नव्हती. हे कळण्यास भिंग पुरते. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकांना छेदून जाणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते, आणि उभ्या बाजूस रेषा असल्या तरी त्या मधूनच विरळ, मधूनच दाट, नदीच्या वाळूवर लाटांच्या खुणा उमटाव्यात तशा. हाडावर बारीक काळसर ठिपके आणि चिरोट्या दिसतात, कारण त्यातून रक्तवाहिन्या गेलेल्या असतात. माझ्या मुठीवर रेषा होत्या, पण सगळ्या सरळ, समांतर, सारख्या अंतरावर, जणू एकरेघी वहीचे पान. अंगठ्याने ती जोराने घासली आणि नाकाशी नेली तो देवघराचा वास आला. कापूर! हा सेल्युलॉइडचा वास. कापूर हा त्याच्या घडणीतला एक मुख्य पदार्थ. जॉन वेस्ली हायट या अमेरिकन माणसाने बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंतास पर्याय शोधता शोधता १८७० च्या सुमारास हा पदार्थ बाजारात आणला, आणि हस्तिदंताच्या रेषा त्यात मुद्दाम घालण्याची युक्तीही लवकरच निघाली. म्हणजे चौथ्या जॉर्जविरुद्ध आणखी एक साक्षीदार उभा राहिला. काही लोक तापविलेली सुई टोचून हस्तिदंताची परीक्षा करतात. ती करू नये. सेल्युलॉइड भडकन पेट घेते, आणि खऱ्या हस्तिदंतावर डाग राहतो. जुने सेल्युलॉइड आपसूकही विरते, त्यातून निघणाऱ्या वाफांनी शेजारची पाती गंजतात, म्हणून असा चाकू बाकीच्यांपासून वेगळा ठेवावा लागतो. माझ्या चाकूच्या धाकट्या पात्यावर मुठीलगत जो लाल गंज चढलेला आहे तो पावसाळ्याचा नसून मुठीचा आहे. मूठ हस्तिदंताची निघाली नाही याचे, खरे सांगावयाचे तर, मला समाधानच वाटले, कारण हस्तिदंताचा क्रयविक्रय आपल्याकडे कायद्याने बंद आहे.

येथे एका सुदैवी जातीचा उल्लेख केला पाहिजे. फळे कापण्यासाठी चांदीच्या पात्याचे आणि शिंपल्याच्या मुठीचे जे नाजूक मिटते चाकू शेफील्डला होत, त्यांचे वय अनुमानाने ठरवावे लागत नाही, ते वाचता येते. फळातील आम्लाने पोलाद काळे पडते आणि फळास लोखंडाची चव लागते म्हणून पाते चांदीचे. आणि चांदी आली म्हणजे सरकारी कस आला. शेफील्डला कस लावण्याची कचेरी १७७३ साली निघाली. तेव्हापासून तेथील चांदीवर चालता सिंह, शेफील्डचा मुकुट (तो १९७४ पर्यंत) आणि सालाचे एक अक्षर अशी मुद्रांची रांग उमटत आली. अक्षर दरवर्षी बदलते, वर्णमाला संपली की अक्षराचे वळण पालटून पुन्हा आरंभ होतो. १७८४ पासून १८९० पर्यंत जकात भरल्याची खूण म्हणून राजाचे मस्तकही असे. मस्तक असले तर १८९० पूर्वीचा, आणि ते डावीकडे पाहणाऱ्या स्त्रीचे असले तर व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीतला, इतके तर नुसत्या डोळ्यांनी कळते. मग अक्षरांचे कोष्टक उघडले की साल हाती येते. मुकुटाची गोष्टही गमतीची सांगतात. शेफील्ड आणि बर्मिंगहॅम या दोन्ही गावांना एकाच कायद्याने कसाच्या कचेऱ्या मिळाल्या, त्यासाठी खटपट करणारे लोक लंडनच्या ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खानावळीत जमत, आणि त्या पाटीवरूनच एका गावाने मुकुट घेतला व समुद्रापासून कोसोगणती दूर असलेल्या बर्मिंगहॅमने नांगर. ऐकीव आहे, पण समुद्र नसलेल्या गावाला नांगर कोठून यावा याचे याहून चांगले उत्तर मला आढळले नाही.

काही कारखानदारांनी हा कोडे घालण्याचा खेळ स्वतःच सोडून दिला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्ड गावच्या केस घराण्याने १९७० साली पात्यावरील नावाखाली दहा ठिपके उमटविले आणि दरवर्षी एकेक ठिपका कमी करीत नेला. चार ठिपके दिसले की १९७६, एक दिसला की १९७९. त्यापूर्वीच्या मुद्राही त्यांच्या काळाप्रमाणे वेगळ्या आहेत: १९४० ते १९६४ पर्यंत नुसते ‘केस एक्स एक्स’, १९६५ पासून त्याखाली ‘यू एस ए’. दुसऱ्या बाजूस आकडे असतात, त्यांत पहिला आकडा मुठीच्या पदार्थाचा, दुसरा पात्यांच्या संख्येचा. सहाचा आकडा हाडाच्या मुठीचा, म्हणून ६२५४ म्हणजे हाडाची मूठ, दोन पाती, चोपन्न क्रमांकाचा घाट. मूठ शिंगाची आणि आकडा सहाचा असे दिसले तर मूठ बदलली हे वेगळे सांगावयास नको. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सेनरने १८९१ पासून सैन्यास चाकू पुरविले. आईच्या निधनानंतर १९०९ साली कारखान्यास तिचे ‘व्हिक्टोरिया’ हे नाव दिले, आणि १९२१ च्या सुमारास ‘इनॉक्स’ त्यास जोडून ‘व्हिक्टोरिनॉक्स’ असे नाव झाले, तेव्हा ते पूर्ण नाव ज्यावर आहे तो चाकू पहिल्या महायुद्धातला असूच शकत नाही. फ्रान्सच्या सव्हॉय प्रांतातील ओपिनेलच्या लाकडी मुठीच्या चाकूस पाते अडकविण्याचे फिरते कडे १९५५ साली बसले. जर्मन पात्यावर ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९० या मर्यादेबाहेर जाण्याचे प्रयोजन नाही. राजकारणाने चाकूवर इतकी स्पष्ट तारीख क्वचितच घातली असेल.

लबाडीबद्दल दोन शब्द. नवी मुद्रा जुन्या बुडावर ठोकली, तर अक्षरांच्या कडा तीक्ष्ण राहतात आणि भोवतीच्या जुन्या खड्ड्यांशी त्यांचे जमत नाही. खरी जुनी मुद्रा आणि भोवतालचा पृष्ठभाग एकत्रच झिजलेले असतात. आम्ल लावून काळे केलेले पाते सगळीकडे सारखे काळे असते, वापराने काळवंडलेले पाते टोकाशी एक आणि मुळाशी एक. खिळ्यांची डोकी चकचकीत आणि मूठ म्हातारी असेल तर मूठ उतरवून पुन्हा बसविलेली आहे. दगडावर वर्षानुवर्षे घासून पाते अरुंद झालेले असेल, तर मिटल्यावर त्याचे टोक मुठीतून वर डोकावते; विक्रेते असे पाते घासून आखूड करतात आणि नखाची खाच त्यामुळे टोकाच्या फार जवळ आलेली दिसते. आणि ज्याने कोणी जुना चाकू पॉलिश करून आरशासारखा केला, त्याने स्वतःच्या हाताने अर्धा पुरावा पुसला. कमानीत तेलाचा थेंब सोडावा, गंज मऊ फडक्याने उतरेल तेवढा उतरवावा, डाग राहू द्यावेत.

तर माझ्या चाकूचा निवाडा असा: पाचव्या जॉर्जच्या सनदेखाली, १९१० नंतर आणि बहुधा १९३६ च्या आत, साध्या पोलादाचा, सेल्युलॉइडच्या मुठीचा, रॉजर्सचाच पण मध्यम प्रतीचा. विकणाऱ्या काकांना पुढच्या खेपेस हे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, मान हलविली, आणि शेजारच्या गिऱ्हाइकास एक अडकित्ता पेशवाईतला म्हणून दाखविला.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही, कारण ती मला घरी आल्यावर, दिवा तिरपा धरल्यावर दिसली. माझ्या चाकूवरील कारखान्याच्या खुणा बहुतेक ‘याच्या आधीचा नव्हे’ असे बोलणाऱ्या. ‘याच्या नंतरचा नव्हे’ असे बोलणारी खूण कारखान्यातून क्वचितच येते, ती बहुधा मालकाच्या हातून येते. मुठीच्या टोकावरील पांढऱ्या धातूच्या टोपीवर कोणी तरी टाचणीने दोन अक्षरे कोरलेली आहेत, आणि ती मोडी आहेत. मोडी आमच्या शाळांतून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिकवीत. त्यानंतर स्वतःच्या चाकूवर स्वतःच्या नावाची खूण मोडीत करणारा माणूस विरळाच. तेव्हा हा चाकू कोणा कारकुनाच्या, तलाठ्याच्या नाही तर मास्तरांच्या खिशात होता, आणि त्याने त्यावर पेन्सिली तासल्या असाव्यात, कारण मोठ्या पात्याची धार मधोमध खोलगट झिजली आहे. मोडी वाचणाऱ्या दोघा स्नेह्यांना ती अक्षरे दाखविली. दुसरे अक्षर ‘का’ आहे याबद्दल दोघांचे एकमत आहे. पहिले ‘वि’ की ‘चि’ यावर गेले दोन महिने पत्रव्यवहार चालू आहे.